उजळलेले हात

गाठ मला आंघोळ करताना लागली. डाव्या छातीत, चिंचोक्याएवढी. दुखत नव्हती, म्हणून मी तीन आठवडे गप्प राहिले. जे दुखत नाही ते घरात कशाला सांगायचं, ही माझी जन्माची सवय. ती सवय आधीच लिहून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात आजाराइतकाच तिचाही हात आहे.

माझं वय एकाहत्तर, शिक्षण चौथीपर्यंत. भांडुपला चढावरच्या एका चार मजली इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या. मुलगा महेश लिफ्ट दुरुस्त करतो. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. सून स्नेहल, आणि त्यांची तेव्हा आठ महिन्यांची असलेली मुलगी, तिला सगळे चिऊ म्हणतात. नवरा गिरणीत होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली.

ज्यांना आता ते सुईतलं औषध टोचून आतले फोटो काढायला जायचं आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहिते. डॉक्टरी माहिती माझ्याकडे नाही, ती डॉक्टरांना विचारा. माझ्याकडे एक खोटं आहे. ते सांगते.

मुलुंडचा दवाखाना

पकडलं स्नेहलने. चिऊने मांडीवर उड्या मारताना नेमकी तिथे लाथ मारली आणि मी तिला पटकन खाली ठेवली. स्नेहल म्हणाली, "आई, पदर बाजूला करा." मी नाही म्हटलं. तिने दार लावलं आणि परत तेच म्हणाली.

मग तपासण्या झाल्या, गाठीत सुई घालून तुकडा काढला, आणि आठ दिवसांनी मुलुंडच्या डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. त्या महेशकडे बघून बोलायला लागल्या. मी म्हटलं, अंग माझं आहे, इकडे बघून सांगा. त्यांनी सांगितलं. कॅन्सर आहे. महेश पंख्याकडे बघत बसला.

त्यानंतर बाई जे बोलल्या ते मला शब्दाला शब्द आठवतं. "आई, गाठ जागच्या जागी असेल, फार तर काखेपर्यंत गेली असेल, तर आपण ऑपरेशन करू आणि पुढचं बघू. लांब पसरली असेल तर आत्ता ऑपरेशन करून उपयोग नाही, मग औषधांवर चालवायचं. ते कळायला एक फोटो काढायचा. पूर्ण अंगाचा."

म्हणजे सगळं त्या एका फोटोवर होतं. काढून टाकण्यासारखं आहे की नाही, एवढंच त्यात बघायचं होतं.

परत रिक्षाने निघालो. महेश रिक्षावाल्याला डावीकडे घ्या सांगत होता, आणि रिक्षावाला आधीच डावीकडे वळत होता.

घरी आल्यावर मी एकच अट घातली. इमारतीत कुणाला कळता कामा नये. हा आजार असलेल्या दोन बायकांना मी स्वतः बघायला गेले होते. सफरचंदं नेली, पलंगाशेजारी बसले, आणि ही किती दिवसांची सोबती आहे ते डोळ्यांनी जोखून घरी आले. बघायला येणारा काय बघतो ते मला माहीत होतं. माझ्या पलंगाशेजारी ते डोळे मला नको होते.

लीलाचा दिवस

आमच्या इमारतीत मे महिन्यात पापडांच्या पाळ्या लागतात. सात घरं आहेत. एकेक दिवस एकेका घराचे उडदाचे पापड, आणि त्या दिवशी बाकीच्या सहा घरांतल्या बायकांनी गच्चीवर जाऊन हात लावायचा. कुणी पीठ मळतं, कुणी दोऱ्याने लाट्या कापतं, सगळ्या मिळून लाटतात. पण मळलेलं पीठ तेल लावून मुसळीने कुटावं लागतं. ते पांढरं पडून ताणलं जाईपर्यंत कुटलं नाही तर पापड दगडासारखे होतात. ते काम माझं. लाटणाऱ्या खूप आहेत, कुटणारी मी एकटी. वीस वर्षं कुणी ती मुसळ माझ्या हातातून मागितलेली नाही.

फोटो गुरुवारी ठरला आणि बुधवार लीलाचा निघाला.

लीला म्हणजे शेजारच्या दाराची. ती मालवणकडची, मी रत्नागिरीची, पस्तीस वर्षं एका भिंतीच्या दोन बाजूंना राहतोय.

मंगळवारी त्या फोटोच्या सेंटरवरून महेशला फोन आला होता. सकाळी काही खायचं नाही, नुसतं पाणी प्यायचं, आणि आदल्या दिवशी जड काम किंवा व्यायाम करायचा नाही, आराम करायचा. महेशने मला सगळं नीट सांगितलं. माझ्या ऐकण्यात चूक नव्हती. पण गाठ कळल्यापासून तो रोजच मला सांगत होता, वाकू नको, उचलू नको, जिने चढू नको. मी ते ऐकून घ्यायची आणि माझं करायची. हेही तसंच ऐकून घेतलं.

बुधवारी तो कामावर गेला, स्नेहल चिऊला घेऊन चारकोपला माहेरी गेली. आठ वाजता लीलाने भिंतीवर थाप मारली. वर गेले नसते तर तिने कारण विचारलं असतं. खांदा दुखतो म्हटलं असतं तर तेलाची वाटी घेऊन आली असती आणि पोलकं काढायला लावलं असतं. म्हणून गेले.

आठ ते एक मी पीठ कुटलं. अधेमध्ये पाणी प्यायले तेवढंच.

आणखी एक खरं सांगते. मला बरं वाटत होतं. कुटताना डोक्यात दुसरं काही राहत नाही. मुसळ वर जाते, खाली येते, पीठ उलटायचं, पुन्हा वर. पंधरा दिवसांत पहिल्यांदा ती गाठ माझ्या डोक्यातून गेली होती. लीला म्हणाली, "आज काय अंगात आलंय काय गो तुझ्या?" मी म्हटलं, तोंड कमी चालव, लाट्या काप.

संध्याकाळी स्नेहलने विचारलं तेव्हा मी सांगितलं, वर गेले होते, बसून गप्पा मारल्या. पिठाचं लुगडं मी तोवर धुऊन वाळत टाकलं होतं.

गाडी यायची होती

ते सेंटर तळघरात होतं. खुर्च्यांवर आम्ही आठ-नऊ जण, सगळे उपाशी. शेजारी घरातलं एकेक माणूस, तेही बहुतेक लाजेने उपाशी. मला चालणार नव्हता म्हणून महेशने चहासुद्धा घेतला नव्हता.

टोचायचं औषध तिथे ठेवलेलं नसतं. ते रोज सकाळी दुसरीकडे ताजं बनतं आणि गाडीने येतं. त्या दिवशी गाडी हायवेवर अडकली. रेश्मा नावाची पांढऱ्या कोटातली मुलगी येऊन सांगून गेली, अजून अर्धा तास. मग परत येऊन सांगून गेली, अजून थोडं. मी तिला विचारलं, उद्याचं आज बनवून ठेवत का नाहीत. ती माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "ठेवता येत नाही, आजी. बनल्यापासून ते आपोआप कमी होत जातं. बर्फासारखं."

"मग गाडीत बसून बसून आमच्यापर्यंत काय पोचणार?"

"वाटेत जाणार तेवढं धरूनच बनवतात."

मग तिने औषध काय करतं ते सांगितलं. ती साखरच असते, फक्त तिला किरणांचं शेपूट लावलेलं असतं. अंगात ज्या जागेला भूक जास्त, तिथे साखर जास्त जाते. कॅन्सरची गाठ फार भुकेली असते, म्हणून ती फोटोत उजळते. हे मला चांगलं समजलं. समजलं म्हणून भीती वाढली. तोवर मशीन काय ते शोधणार होतं. आता माझ्या अंगात कोण कोण भुकेलं बसलंय ते साखर जाऊन विचारणार होती.

गाडी येईपर्यंत तिने कागद भरून घेतला. डायबेटीस आहे का, नाही. आधी ऑपरेशन झालंय का, नाही. "काल काही व्यायाम वगैरे केलात? चालायला जाणं, योगा, जिम?"

मी म्हटलं, "मी जिमला जाते असं वाटतं का गं तुला?"

ती हसली. महेशही हसला. पंधरा दिवसांत तो पहिल्यांदा हसला. तिने कागदावर खूण केली आणि पुढचं विचारलं.

त्या वेळी मला कालचं पीठ आठवलं. आठवलं नाही असं मी लिहिणार नाही. मनात म्हटलं, तो कुठे व्यायाम, ते तर काम. पण खरं कारण महेशचं हसणं होतं. ते मोडवलं नाही.

एक तास

औषध जाड भिंतीच्या पेटीतून आलं. सुईलाही लोखंडासारखं जड कवच होतं. रेश्माने ते माझ्या शिरेत सोडलं, सुई काढली आणि लगेच चार पावलं मागे गेली. ते मागे जाणं मला लागलं. मी विचारलं, "एवढं वाईट असेल तर माझ्या अंगात कशाला घालतेस?"

"वाईट नाही, आजी. तुम्हाला एकदा घ्यायचंय. मला रोज द्यायचंय."

मी बाही खाली ओढली.

मग एका छोट्या खोलीत तास-दीड तास पडून राहायचं. बोलायचं नाही, काही चघळायचं नाही, हात-पाय हलवायचे नाहीत. वर एक पांघरूण घातलं होतं. माझे खांदे आणि दंड कालच्या कुटण्याने ठणकत होते. दर मिनिटाला वाटायचं, आता साखर इथवर आली असेल. पोटात आली असेल. मणक्यात थांबली असेल. हाताला चाळा नसताना इतका वेळ मी आयुष्यात कधी पडले नव्हते. आजारी असतानासुद्धा लसूण सोललाय.

मशीनमध्ये दोन्ही हात डोक्यावर धरून झोपायचं होतं. ज्यांना हे करायचं आहे त्यांनी घाबरू नका, नेहमीच्या माणसाला त्यात काही कठीण नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रेश्मा काचेमागून माइकवर म्हणाली, होतंच आलं. तिला वाटलं मी घाबरले. मी घाबरलेही होते, पण पाणी खांद्यांचं होतं.

निघताना तिने बजावलं. भरपूर पाणी प्या, लघवीला गेल्यावर दोनदा पाणी सोडा, आणि आज झोपेपर्यंत लहान बाळापासून आणि पोटुशी बाईपासून लांब राहा.

घरी दार उघडताच चिऊने माझ्याकडे हात पसरले. स्नेहल तिला घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि दार ओढून घेतलं. बरोबरच केलं तिने. चिऊ आत रडत होती. मी पिशवी ठेवली आणि पाण्याची बाटली घेऊन गच्चीवर गेले.

गच्चीत लीलाचे पापड साडीवर वाळत होते. मी काठी घेऊन कावळ्यांना हाकलत बसले. थोड्या वेळाने लीला चहा घेऊन आली आणि नेहमीसारखी मांडीला मांडी लावून बसायला लागली. मी म्हटलं, लांब बस.

"का गो? काय केलंय मी?"

आता दुसरं काही सुचेना, म्हणून सांगितलं. गाठ, कॅन्सर, फोटो, सुईतलं औषध, सगळं. ती पापडांच्या दोन ओळी मध्ये ठेवून पलीकडे बसली. बराच वेळ पापड उलटत राहिली. मग म्हणाली, "माका आधी कित्याक नाय सांगितलंस? पीठ मी कुटलं असतं."

"तुला कुटता येत नाही."

"नसेना. पापड कडक झाले असते."

मग माझी काठी ओढून घेतली आणि तिच्या टोकाने चहाचा कप माझ्याकडे सरकवला. त्यावर आम्ही दोघी हसलो. त्या दिवसातलं चांगलं असं तेवढंच.

दोन्ही हात

शनिवारी डॉक्टरीणबाईंनी संगणकावर फोटो दाखवला. काळ्या पडद्यावर एक राखाडी बाई, म्हणजे मी. डाव्या छातीत एक ठिपका पेटलेला होता. तो अपेक्षित होता. पण दोन्ही खांदे, दोन्ही दंड आणि छातीचा वरचा सगळा भागही उजळलेला होता.

बाईंनी चष्मा काढला. "आई, सकाळी काही खाल्लं होतंत का?"

"नाही."

"साखरेचा चहा?"

महेश म्हणाला, "डॉक्टर, मी बरोबर होतो. पाण्याशिवाय काही नाही."

"आदल्या दिवशी काही जड काम?"

महेशच म्हणाला, "छे. मी तिला काही उचलूच देत नाही."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हणाले, "नाही."

त्यांनी पुन्हा चष्मा लावला. म्हणाल्या, मग हे का उजळलंय ते आत्ता सांगता येत नाही. काखेत काही आहे की नाही, तेही या उजेडात वेगळं दिसत नाही. स्नायूंचं काही दुसरं दुखणं आहे का ते बघावं लागेल. रक्त तपासू, वाटल्यास दंडातून तुकडा काढू, काखेत सुई घालू. तोवर ऑपरेशनची तारीख थांबवू.

घरी येताना महेश दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसला. बूट चावतोय म्हणाला. त्याने बुटाला हातही लावला नाही.

त्या संध्याकाळी मी त्याला स्वयंपाकघरात बोलताना ऐकलं. दबक्या आवाजात स्नेहलला सांगत होता, "दोन्ही हातांत गेलंय गं." रविवारी त्याने जेवणाचं ताट तसंच सारलं. चिऊला घेऊन गॅलरीत उभा राहिला आणि तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवून खाली रस्त्याकडे बघत राहिला. माझा मुलगा माझ्यासमोर माझं मरण धरून बसला होता, आणि दोन शब्द बोलून मी त्याला सोडवू शकत होते.

बोलले नाही. खोटं उघडं पडेल म्हणून नाही बोलले, असं लिहिणं सोपं आहे. पण तेवढंच नव्हतं. ते पिठामुळेच उजळलंय, अशी माझी मलाच खात्री राहिली नव्हती. आता पीठ म्हणून सांगितलं, त्यांनी परत फोटो काढला, आणि परत हात तसेच उजळले तर? मग सांगायला काय उरणार? जोवर मी गप्प होते तोवर ते पीठ माझ्याजवळ शिल्लक होतं. ते वापरून टाकायची मला भीती वाटत होती.

सोमवारी लीला आली. फोटोत काय निघालं विचारलं. मी सांगितलं, दोन्ही हात आणि खांदे. ती माझ्या हातांकडे बघत राहिली.

"कुटलेले हात?" तिने विचारलं.

मी हात पदराखाली घेतले.

"महेशला म्हाईत आहे?"

मी नकारार्थी मान हलवली.

"म्हणजे माझ्या पापडांसाठी ते तुझ्या दंडाचा तुकडा काढणार, आणि तू बसून बघणार. आज तू सांग. नाहीतर मी सांगते, आणि मी ओरडून सांगेन, सगळ्या मजल्यांना कळेल."

संध्याकाळी महेश आला तेव्हा ती पापडांचा डबा मांडीवर घेऊन आमच्या दारातल्या स्टुलावर बसली होती. तिने महेशला पाणी दिलं आणि माझ्याकडे बघितलं.

मी म्हणाले, "बुधवारी मी पीठ कुटलं. आठ ते एक."

महेशला आधी कळलंच नाही. त्याने विचारलं, "कोणाचं?"

"लीलाचं."

तो डब्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी तुझ्या शेजारी उभा राहून डॉक्टरांना नाही म्हणालो, आई. तू मला म्हणू दिलंस." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने तिथल्या तिथे डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि स्पीकर चालू करून माझ्यासमोर धरला. मला स्वतःच्या तोंडाने सांगायला लावलं.

बाई आधी रागावल्या, आणि नीट रागावल्या. मग म्हणाल्या, "दमलेला स्नायूही भुकेला असतो, आई. साखर त्यानेच ओढून घेतली असेल. पण असेल म्हणतेय, आहे म्हणत नाही. पुन्हा काढून बघू."

त्यांच्या त्या 'असेल'वर मी दहा दिवस काढले. महेश माझ्याशी कामापुरतं बोलत होता.

पहारा

दुसऱ्या फोटोच्या आदल्या दिवशी लीलाने पाळ्या लावल्या. इमारतीत एव्हाना सगळ्यांना कळलं होतं, तिनेच सांगितलं होतं. दोन-दोन बायका, दोन-दोन तास, माझ्यावर पहारा. मी काही उचलू नये म्हणून. महेश मुसळ आपल्या हत्यारांच्या पिशवीत घालून कामावर घेऊन गेला.

सफरचंदं कुणी आणली नाहीत. एकीने पत्ते आणले, पण पिसायला मला दिले नाहीत. चहात साखर ढवळायला मी चमचा घेतला तर तो काढून घेतला. "आज हिने पापणीसुद्धा जपून हलवायची," असं म्हणत दिवसभर माझी टिंगल चालली होती. मला जोखणारे डोळे मी शोधत होते. एखाददुसरा दिसलाही. बाकीच्या माझ्या हातांकडे बघत होत्या, मी चोरून काही करतेय का म्हणून.

हसणं वरवरचं होतं. हात रिकामे, त्यामुळे भीतीला सगळा दिवस मोकळा मिळाला. उद्या हात उजळले तर सगळं संपलं, हे एवढं एकच वाक्य सकाळपासून डोक्यात होतं, आणि त्याच्यावर मारायला मुसळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी तीच रेश्मा, तोच कागद. "काल काय काय केलंत, आजी?"

"काही नाही," मी म्हणाले. एकाहत्तर वर्षांत हे उत्तर बहुधा पहिल्यांदाच खरं होतं.

मग मी तिला म्हटलं, तू बायकांना व्यायाम विचारू नकोस. जिम तर मुळीच विचारू नकोस. बाई नाहीच म्हणणार आणि तिचं तिला ते खरंही वाटणार. तू विचार, पाणी भरलं का, गोधड्या धुतल्या का, पीठ मळलं का, काही कुटलं का. आणि घरचं माणूस शेजारी असताना विचारू नकोस. रेश्माने कागद उलटा करून मागे लिहून घेतलं.

या वेळी हात डोक्यावर धरताना काही दुखलं नाही. ते चांगलं की वाईट, मला कळेना.

दोन दिवसांनी बाईंनी पडदा आमच्याकडे वळवला. हात काळे होते. खांदे काळे. डाव्या छातीत तो ठिपका, आणि काखेत मोहरीएवढा आणखी एक. पहिल्या फोटोत ही मोहरी माझ्या कुटण्याच्या उजेडात लपली होती. बाकी यकृत, फुप्फुस, हाडं, कुठे काही नव्हतं. बाई म्हणाल्या, ऑपरेशन करू. महेशने त्यांना तीनदा विचारलं, "हातांत काही नाही ना?" तिसऱ्यांदा त्या न कंटाळता म्हणाल्या, "काही नाही. चांगले दणकट हात आहेत."

जिन्यात महेश दुसऱ्या मजल्यावर परत बसला. मीही त्याच्या शेजारी बसले. तो म्हणाला, "बूट चावत नाहीये." मी म्हटलं, "तेव्हाही चावत नव्हता."

आता

ऑपरेशन झालं, पुढची औषधं झाली, केस गेले आणि आले. ते सगळं इतरांनी माझ्यापेक्षा चांगलं लिहिलेलं असेल. डाव्या हाताने जड उचलायचं नाही असं सांगितलंय, आणि या वेळी मी ऐकते. या मे महिन्यात मुसळ लीलाने घेतली. पापड कडक झाले. तिने समोर बसून मला खायला लावला आणि कसा झालाय विचारलं. बरा आहे म्हटलं. "तू परत खोटं बोलायला लागलीस," ती म्हणाली.

गेल्या आठवड्यात पुन्हा फोटो होता, कुठे काही उरलंय का बघायला. पुन्हा तळघर, पुन्हा उपाशी, पुन्हा गाडी हायवेवर. भीती पहिल्या दिवसाएवढीच होती, एका मापानेही कमी नाही. सवय होते म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

माझ्या पुढचा नंबर एका माझ्याच वयाच्या बाईचा होता. शेजारी तिची सून. रेश्माने सुनेला काहीतरी कागद आणायला बाहेर पाठवलं, आणि मग त्या बाईला विचारायला लागली. काल पाणी भरलं का? पीठ मळलं? गोधडी, चादरी काही धुतलं? काही कुटलं?

बाई म्हणाली, "नाही." पण म्हणायच्या आधी तिने सून गेली त्या दाराकडे बघितलं.

रेश्मा पेन धरून थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या खुर्चीवरून उठले आणि त्या बाईच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले. तिचा हात माझ्या हातात घेतला. बोटांची टोकं साबणाने कोरडी, सोलवटलेली होती.

"किती धुतल्या?" मी विचारलं.

ती जमिनीकडे बघत म्हणाली, "चार. पण दोन लहान होत्या."